दप्तराचें बिऱ्हाड

लग्न झाल्यापासून आजपर्यंत आम्हीं सहा वेळां बिऱ्हाड बदललें. पहिलें सारें बिऱ्हाड एका हातगाडींत मावलें होतें. शेवटच्या वेळीं दोन ट्रक भरूनही सौभाग्यवतींचें शिवणाचें यंत्र मला मांडीवर घेऊन रिक्षांतून न्यावें लागलें. तेव्हां बिऱ्हाड हलविण्याच्या शास्त्रांत मी अगदींच अडाणी आहें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु गेल्या श्रावणांत आम्हीं जें सातवें बिऱ्हाड हलविलें, तें पहिल्या साहांहून सर्वस्वी निराळें होतें. घरांतील एकही माणूस हललें नाहीं, एकही खुर्ची जागची उठली नाहीं, हमालाचा पाय उंबऱ्याला लागला नाहीं. आणि तरीही त्याला अकरा दिवस लागले, दोन रात्रीं माझी झोप उडाली, आणि वडील बहिणीपासून सहा वर्षें लपवून ठेवलेली एक गोष्ट मला अखेर कबूल करावी लागली.

हें बिऱ्हाड आमच्या घरच्या दप्तराचें. दप्तर म्हणजे लाल कापडांत बांधलेले कागदांचे रुमाल असें मात्र कोणीं समजूं नये. पंचवीस वर्षांत संगणकावर जें जें सांचलें तें सारें त्यांत आलें. मुलीच्या लग्नाची चित्रफीत, हिमालयाच्या सहलीचीं आठशें छायाचित्रें (त्यांपैकीं सातशें ढगांचीं), घरपट्टीच्या पावत्या, मीं लिहिलेले आणि कोणींही न छापलेले लेख, आणि नातवाच्या पहिल्या जावळाचा सोहळा. हें सारें तीन ठिकाणीं विखुरलें होतें. मोठा भाग संगणकांतील चार टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर, कांहीं एका लहानशा काळ्या डिस्कवर, आणि उरलेलें बुटांच्या खोक्यांत भरून ठेवलेल्या डीव्हीडींवर. त्या लहान काळ्या डिस्कला मी मनांतल्या मनांत ‘तबकडी’ म्हणतों, कारण तिच्या पोटांत खरोखरच एक तबकडी गरगर फिरत असते, आणि जुन्या ग्रामोफोनच्या सुईसारखी एक दांडी तिच्यावरून मागेंपुढें सरकत असते. फरक एवढाच कीं, ग्रामोफोनची सुई तबकडीला टेंकते; येथें टेंकली कीं सारें संपलें.

याच तबकडीवर माझ्या आईचा आवाज होता.

आई जात्यावरच्या ओव्या म्हणे. आमच्या घरीं जातें शेवटचें फिरलें तें केव्हां, हें मला आठवत नाहीं. पण ओव्या तिच्या तोंडीं राहिल्या होत्या. १९८७ सालीं वडिलांनीं एक टेपरेकॉर्डर आणला आणि दुपारच्या वेळीं तिला समोर बसवून नऊ कॅसेटी भरून घेतल्या. पुढें आई गेली, वडील गेले, आणि कॅसेटी माझ्याकडे आल्या. त्यांच्या फितीला बुरशी धरूं लागली, तेव्हां सहा वर्षांपूर्वीं मीं त्या संगणकांत उतरवून घेतल्या. उतरविल्यावर एकदां ऐकून पाहिल्या, आवाज स्वच्छ आला; आणि मग त्या नऊही कॅसेटी मीं रद्दीवाल्यास देऊन टाकल्या. त्या दिवशीं आपण फारच आधुनिक झालों असें मला वाटलें होतें. माझी ताई नागपुरास असते. तिला मीं ओव्या उतरविल्याचें सांगितलें. कॅसेटींचें सांगितलें नाहीं. तिनें विचारलें नाहीं म्हणून सांगितलें नाहीं, असें मी स्वतःला समजावीत आलों.

गेल्या श्रावणांत एका संध्याकाळीं त्या तबकडींतून टिक्-टिक् असा आवाज येऊं लागला. भिंतीवर पाल चुकचुकावी तसा. दांडी आपली जागा शोधते, ती न सांपडल्यामुळें मूळ ठिकाणीं परत जाते, पुन्हां शोधते. त्याचा हा आवाज. तें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. परंतु पाल चुकचुकल्यावर काय समजावयाचें तें समजावयाला शास्त्र लागत नाहीं. मीं पुतण्यास फोन केला. तो या विषयांतला जाणता. त्यानें मला एकच प्रश्न विचारला, “काका, याची दुसरी प्रत आहे?” मी गप्प बसलों. “तर मग आधीं तिची तार काढा, आणि मी येईपर्यंत तिला हात लावूं नका.”

तो आला तो एक पेटी घेऊन. ब्रेडच्या डब्याएवढी काळी पेटी. समोर चार खण, प्रत्येक खणांत एक डिस्क बसावी अशी सोय. ही पेटी तारेनें घरच्या राउटरला जोडावयाची, म्हणजे घरांतील प्रत्येक संगणकास आणि फोनलाही तींतील दप्तर वाचतां येतें. सौ. नीं पेटीकडे पाहून एवढेंच विचारलें, “अहो, ही रात्रीं घुरघुरणार का?” घुरघुरते, पण आतां तिची संवय झाली आहे. माझीही त्यांना अशीच झाली असावी.

या पेटीचें शास्त्र १९८८ सालीं अमेरिकेंत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनीं एका निबंधांत मांडलें. त्याचें सार एवढेंच कीं, एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजीं पुष्कळशा स्वस्त डिस्का एकत्र जुंपाव्या. परंतु डिस्का जितक्या अधिक तितकी त्यांतील एखादी बिघडण्याची शक्यताही अधिक. म्हणून थोडी जागा जामिनादाखल राखून ठेवावी. दोन डिस्का असतील तर जें एकीवर तेंच दुसरीवर लिहावें. तीन असतील तर याहून चतुर युक्ति आहे. दोन डिस्कांवरील अंक शेजारीं शेजारीं धरावे. दोन्ही सारखे असतील तर तिसऱ्या जागीं शून्य मांडावें, वेगळे असतील तर एक मांडावा. मग तिहींपैकीं कोणतीही एक नाहींशी झाली, तरी उरलेल्या दोहोंवरून तिचा प्रत्येक अंक काढतां येतो. दोन भावांचे वांटे व त्यांची बेरीज वहींत लिहिलेली असावी, आणि त्यांतला एक आंकडा वाळवीनें खाल्ला तरी तो उरलेल्या दोहोंवरून काढतां यावा, तसेंच हें. या योजनेच्या इंग्रजी नांवांत प्रथम ‘स्वस्त’ या अर्थाचा शब्द होता. पुढें व्यापाऱ्यांनीं त्याच आद्याक्षराचा ‘स्वतंत्र’ या अर्थाचा शब्द तेथें आणून बसविला. स्वस्त म्हणवून वस्तु महाग विकतां येत नाहीं, हें त्यांच्या लवकरच ध्यानांत आलें असावें.

माझी भाबडी कल्पना अशी होती कीं, जुन्या डिस्का उचलाव्या, पेटीच्या खणांत सरकवाव्या, कीं झालें. कपाट कपड्यांसकट उचलून नव्या घरांत ठेवावें तसें! पुतण्या हंसला. म्हणाला, “काका, पेटींत घातलेली डिस्क पेटी प्रथम पुसून टाकते.”

“पुसून म्हणजे?”

“पुसून म्हणजे पुसून. सारवून.”

पेटीची आपली स्वतःची मांडणी असते. कोणता अंक कोणत्या डिस्कवर, जामीन कोठें, हें सारें ती आपल्या पद्धतीनें आंखते. आणि आंखण्यासाठीं तिला कोरी भुई लागते. म्हणजे डिस्क आंत जाऊं शकते, पण तिच्यावरचें दप्तर तिच्याबरोबर आंत जाऊं शकत नाहीं. तें आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावयास हवें. आणि दुसरीकडे म्हणजे कोठें, तर त्याच पेटींत! लहानपणीं आपण सर्वांनीं वाघ, शेळी आणि गवत यांना होडींतून पलीकडे नेण्याचें कोडें घातलेलें आहे. साठीनंतर तें मला पुन्हां घातलें जाईल आणि गवताच्या जागीं आईचा आवाज असेल, असें मला स्वप्नांतही वाटलें नव्हतें.

पुतण्याची योजना अशी: चार चार टेराबाइटच्या दोन नव्या डिस्का पेटींत बसवावयाच्या, एकीची छाया दुसरी. त्यांवर सारें दप्तर उतरवून घ्यावयाचें. मग संगणकांतील जुनी चार टेराबाइटची डिस्क काढून तिसऱ्या खणांत घालावयाची. ती पुसली जाईल, पण तोंवर तिच्यावरचें सारें पलीकडे गेलेलें असेल. आणि पेटींतील वापरण्याजोगी जागा चारांवरून आठ टेराबाइट होईल. काटकसरीच्या दृष्टीनें योजना निर्दोष होती. मीं ती मान्य केली. (चार टेराबाइटची डिस्क संगणक मात्र ३.६ च दाखवितो. मी दुकानदाराशीं भांडावयास निघालों होतों. विकणारा हजाराच्या पटीनें मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीनें मोजतो, हें कळल्यावर परत फिरलों. कच्चा शेर आणि पक्का शेर यांचा हाच झगडा पूर्वीं बाजारांत चालत असे.)

नव्या घरांत जातांना आधीं देव न्यावयाचे, मग दूध, मग बाकीचें सामान, ही आपल्याकडची रीत आहे. पुतण्यास ही रीत ठाऊक होती कीं नाहीं कोण जाणे. पण त्यानें केलें तें तसेंच. “आजारी डिस्क आधीं, आणि तिच्यावरचेंही जें पुन्हां मिळणार नाहीं तें आधीं.” सारी तबकडी तपासून पाहण्याचा मोह त्यानें कटाक्षानें टाळला. आजाऱ्याच्या अंगांत चार पावलें चालण्याचीच शक्ति असेल, तर त्याला गांवभर फिरवून प्रकृति पाहूं नये, हा त्यांतला न्याय.

नऊ कॅसेटींच्या नऊ फाइली. एकेक साठ मिनिटांची, एकेक सुमारें ६३५ मेगाबाइटची; सगळ्या मिळून पावणेसहा गिगाबाइटही नाहींत. चांगल्या तारेवरून एवढें ओझें एका मिनिटांत नेतां येतें. आम्हांला तीन दिवस लागले. पहिल्या पांच फाइली सुरळीत आल्या. साहावी चालू असतां मध्येंच आंकडे थबकले, आणि पाल चुकचुकली. पुतण्यानें तत्काळ तार काढली. त्या रात्रीं मीं अंथरुणावर पडून पहिल्या पांच कॅसेटींत काय आहे आणि राहिलेल्या चारांत काय आहे याची मनाशीं उजळणी करण्याचा प्रयत्न केला. आणि मला असें आढळून आलें कीं, पांचांतलें मला पुष्कळसें आठवतें आणि चारांतलें जवळजवळ कांहींच आठवत नाहीं. हातचें जाऊं लागलेली वस्तुच तेवढी विस्मरणांत कशी जाते, हें मनाचें एक विलक्षण कोडें आहे.

दुसऱ्या दिवशीं त्यानें निराळा उपाय केला. नेहमींची नक्कल करण्याची रीत मोठी हट्टी असते: एखादें पान फाटलेलें लागलें कीं ती तेथेंच अडून बसते. त्यानें जो प्रोग्रॅम वापरला त्याची रीत समंजस होती. जेथें अडेल तो भाग सोडून पुढें जावें, चांगलें तेवढें आधीं पदरांत पाडावें, कोठें कोठें अडलें त्याचें टिपण ठेवावें, आणि शेवटीं उरलेल्या शक्तीनें त्या अडलेल्या जागीं पुन्हां पुन्हां जाऊन पहावें. सातवी, आठवी, नववी या तीन फाइली प्रथम निर्वेध आल्या. मग साहावीकडे परत फिरावयाचें. तबकडी तापे, कीं थांबावयाचें, निवूं द्यावयाचें, पुन्हां लावावयाचें. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं टिपणांत न वाचलेले साठ तुकडे उरले आणि ते मात्र कांहीं केल्या वाचतां येईनात. एक तुकडा ४०९६ बाइटचा. आवाजाच्या हिशेबीं एका सेकंदाचा सुमारें त्रेचाळीसावा भाग. साठ तुकडे म्हणजे दीड सेकंदही नाहीं. त्या जागीं प्रोग्रॅमनें शून्यें भरलीं.

पुतण्या म्हणाला, “काका, तासाभरांत दीड सेकंद. मिळवलें म्हणावयाचें.” तें खरेंच होतें. मीं साहावी फाइल त्याच रात्रीं लावून ऐकली. सदतिसाव्या मिनिटाला, आई एका ओवींत आपल्या माहेरच्या माणसांचीं नांवें घेत आहे, तेथें तिचा आवाज एकाएकीं नाहींसा होतो, पुन्हां येतो, पुन्हां जातो. तो भाग इतका नितळ, इतका शांत आहे कीं, फितीची खरखरही तेथें नाहीं. फाटलेल्या कागदाची कडा तरी दिसते. या शून्याला कडाही नव्हती. आणि त्या दीड सेकंदांत जें नांव होतें तें कोणत्या तरी मामाचें, एवढेंच मला सांगतां येईल.

१९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें पहिली डिस्क बाजारांत आणली. तींत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, यंत्राचें वजन टनाच्या घरांत होतें, आणि तींत पन्नास लाख अक्षरें राहत. आईचा आवाज तींत अर्धा मिनिटही मावला नसता. असें मोजूं लागलें म्हणजे दीड सेकंद ही केवढी मोठी जागा वाटूं लागते!

बाकीचें दप्तर मग रुळावर आलें. संगणकांतील डिस्कवर दोन टेराबाइट होते. चांगल्या तारेवरून तें साडेपांच सहा तासांचें काम, असें गणित पुतण्यानें मांडलें आणि तो आपल्या घरीं गेला. रात्रीं मीं आंकडा पाहिला तों शेहेचाळीस तास! कारण दुसऱ्या दिवशीं कळलें. मीं कपाटांतून जी जुनी तार शोधून काढली होती, तिच्या आठ बारीक तारांपैकीं एक तुटलेली होती. आठही शाबूत असल्या तर ती वेगानें चालते. एखादी निकामी असली, तर ती मुकाट्यानें चार तारांवर भागविते आणि वेग दहावा हिस्सा होतो. तक्रार करीत नाहीं, सांगत नाहीं. नुसती सावकाश चालते. अशीं माणसेंही कचेरींत मीं पाहिलीं आहेत. तार बदलली. तरीही सहा तासांत काम झालें नाहींच. कारण चित्रफिती भराभर जात, आणि लहान लहान छायाचित्रें लागलीं कीं गति मंदावे. प्रत्येक चिटुकल्या फाइलीचें दार उघडावयाचें, नांव लिहावयाचें, दार लावावयाचें. ज्यानें स्वयंपाकघराचें सामान हलविलें आहे त्याला याचें नवल वाटणार नाहीं. कपाट दोन हमाल उचलतात. मसाल्याच्या डब्यांना दिवस जातो.

याच वेळीं सौ. नीं एकदां पडद्याकडे पाहिलें. ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर दोन’, ‘शेवटचें’, ‘अगदीं शेवटचें’, ‘हेंच पहावें’ अशीं नांवें सरकत होतीं. “मागच्या बिऱ्हाडाच्या वेळीं तुम्हीं फुटकी बादलीसुद्धां आणलीत, तेव्हां मी कांहीं बोललें नाहीं,” त्या म्हणाल्या. त्यांचें म्हणणें अगदीं रास्त होतें. परंतु बिऱ्हाड हलवितांना निवड करूं नये असें माझें ठाम मत आहे. त्या घाईंत टाकलेली वस्तु नेमकी पुढें लागते. आणि टाकण्याच्या बाबतींत माझा हात किती हलका आहे हें नऊ कॅसेटींनीं दाखवूनच दिलें होतें. बादली आली तर आली.

नक्कल झाली, पण ती बरोबर झाली हें कशावरून? शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्यें, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती निरनिराळ्या पोथ्या समोर ठेवून, पाठाला पाठ ताडून. तीन शतकांत नकलेवर नक्कल होतां होतां ग्रंथांत काय काय शिरलें होतें! नक्कल करणारा प्रत्येक जण प्रामाणिकच असतो; डोळा मात्र चुकतो. यंत्राचा डोळाही क्वचित् चुकतो. तेव्हां पुतण्यानें मूळ फाइल व नक्कल या दोहोंचा एकेक गोषवारा काढविला. फाइल केवढीही असो, गोषवारा चौसष्ट अक्षरांचाच. आणि मूळांत एक अंक जरी इकडचा तिकडे झाला तरी तो पार बदलून जातो. दोहोंचे गोषवारे जुळले म्हणजे पाठ जुळला. या कामाला एक रात्र आणि एक दिवस लागला. मध्यें गुरुवार आला. आमच्या भागांत गुरुवारीं दुरुस्तीसाठीं वीज जाते. पेटीखालीं यूपीएस होतें म्हणून निभावलें. अखेर सारे गोषवारे जुळले. पुतण्यानें समाधानानें चहा मागितला.

मग मीं माझे जुने लेख उघडले.

पडद्यावर आलीं तीं इंग्रजी अक्षरें, कंस, टिंबें आणि उद्गारचिन्हें. एखाद्या माकडानें टंकयंत्रावर नाच करावा तशीं. १९९९ ते २००५ या काळांतले माझे सारे लेख त्या रूपांत! गोषवारे जुळत होते; एकही अंक हरवला नव्हता. दोष नकलेचा नव्हताच. यूनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीला जागा मिळाली होती खरी. पण आमच्या घरीं ती पोहोंचावयास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंवर आम्ही सारे ज्या फॉंटांत लिहीत होतों, त्यांत खालीं रोमन अक्षरच असे आणि वर त्याला देवनागरीचा मुखवटा चढविलेला असे. तो फॉंट जुन्या संगणकाबरोबर गेला, मुखवटा गळला, आणि आंतली रोमन हाडें उघडीं पडलीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडींतले रुमालच्या रुमाल सुरक्षित आहेत, आणि ते वाचणारीं माणसें मोजकीं. कागद वांचला म्हणजे लेख वांचला असें होत नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला, त्यांत गांवोगांवचे कागद वाळवीच्या आधीं गांठण्याची धडपड होती, तशीच ते वाचून बाळबोधींत उतरविण्याचीही होती. ही दुसरी मेहनत आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. माझ्या लेखांना राजवाडे लाभण्याचा संभव नसल्यामुळें मींच बुटांच्या खोक्यांतील डीव्हीडी एकेक चाळून तो फॉंट शोधून काढला, आणि लेख यूनिकोडमध्यें बदलून घेण्यास बसलों. कांहीं वाचून पाहिले. ते कोणीं छापले नाहींत यांत संपादकांचा फारसा दोष नव्हता.

अकराव्या दिवशीं योजनेंतलें शेवटचें पाऊल उरलें. जुनी चार टेराबाइटची डिस्क संगणकांतून काढून पुतण्यानें हातांत घेतली. आंत सरकवावयाची, एक कळ दाबावयाची, जागा दुप्पट. मीं त्याला थांबविलें.

“काका, सगळें तपासलें आहे. पेटींत दोन प्रती आहेत.”

दोन प्रती आहेत हें खरें. पण मीं तोंवर पुष्कळ विचार केला होता. पेटींतल्या दोन डिस्का म्हणजे दोन प्रती नव्हेत. एकाच प्रतीचे दोन डोळे आहेत. एक डिस्क मेली तर दुसरी सांवरील, हें खरें. पण मीं चुकून एखादी फाइल पुसली, तर ती दोहींवरून त्याच क्षणीं पुसली जाईल. पेटी चोरीला गेली तर दोन्ही जातील. आणि पाणी? १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी पुण्याच्या पेठांत शिरलें, तेव्हां आमच्या आजोबांच्या रोजनिश्या खालच्या खोलींतल्या पेटींत होत्या. पेटी भक्कम होती, कुलूपही होतें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यानें काय केलें तें तर आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. जाणते लोक सांगतात कीं, प्रती तीन असाव्या, दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. मीं पुतण्याला म्हटलें, “हिला पुसूं नको. आईच्या नऊ फाइली हिच्यावरही उतरव. ही डिस्क नागपूरला जाईल.”

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे एक नवी विकत घ्यावी लागेल.” घेतली. काटकसर संपली.

ताईला त्या रात्रीं फोन केला. डिस्क पाठवितों असें सांगितलें, साहावी फाइल कोठें गेली आहे तें सांगितलें, आणि मग कॅसेटींचेंही सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मला वाटलें, ती आवाजाविषयीं बोलेल. त्या दीड सेकंदाविषयीं विचारील. तिनें विचारलें तें निराळेंच.

“अरे, आणि त्यांचे डबे? डब्यांतले कागद?”

प्रत्येक कॅसेटीच्या डब्यांत एक लहानसा कागद असे. त्यावर वडील आपल्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत तारीख लिहीत, कोणत्या ओव्या झाल्या तें लिहीत. आणि मधून मधून आई पेन्सिलीनें त्यांत दुरुस्ती करी, कारण ओवीचा पहिला शब्द वडील हमखास चुकत. ताईला तें सारें आठवत होतें. मला, तिनें म्हणेपर्यंत, त्या कागदांची आठवणही झाली नव्हती. आवाज उतरविला म्हणजे सर्व उतरलें असें मीं समजून चाललों होतों. आणि ते नऊ कागद कॅसेटींबरोबर डब्यांतच राहून रद्दींत गेले होते.

“तेही गेले,” मी म्हणालों.

“बरें,” ती म्हणाली. आणि मग नेहमींप्रमाणें पावसाविषयीं बोलली.

डिस्क मीं कापसांत गुंडाळून, पुठ्ठ्याच्या पेटींत घालून, नागपूरला जाणाऱ्या एका स्नेह्यांच्या हातीं दिली. आठ दिवसांनीं ताईचा फोन आला. तिच्याकडे ती जोडावयास संगणक नाहीं; नात सुटीस येईल तेव्हां तिच्याकडून ऐकणार आहे. तूर्त ती लोखंडी कपाटांत, आईच्या जांभळ्या पैठणीच्या घडीखालीं ठेवली आहे. फक्त तिला एक विचारावयाचें होतें: त्या खणांत डांबराच्या गोळ्या आहेत, त्या डिस्कला बाधतील का? मीं पुतण्यास विचारून सांगतों म्हटलें आहे.